वाडीची पातळं

माझ्या मुलीने शिवलेला एक लांब कोट आहे. न रंगवलेल्या जाड सुती कापडाचा, पूर्ण हातशिलाईचा, कुठेही एक ठिपका नसलेला. तिच्या प्रत्येक प्रदर्शनात तो टांगलेला असायचा. विकायला नाही, नुसता बघायला. शेजारी एक छोटी पाटी असायची. तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘हा कोट माझ्या आईच्या वाडीत नेसायच्या पातळांचा होणार होता. ती गेल्यावर माझ्या आत्याने ती पातळं टाकून दिली.’

यातलं दुसरं वाक्य खोटं आहे. मुलीने ते खोटं म्हणून लिहिलं नव्हतं. तिला तसं सांगण्यात आलं होतं आणि सांगणारा मी होतो. आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. ती आता नाही. आमच्या नात्यातल्या, आगाशीच्या बाजारातल्या आणि कुठून कुठून आलेल्या किती तरी लोकांनी ते वाक्य वाचलं असेल. त्यांतल्या जेवढ्यांपर्यंत पोचता येईल तेवढ्यांसाठी हे लिहितो आहे.

केळीच्या वाडीत ज्याने काम केलं आहे त्याला चीक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. घड कापला, पान काढलं, खांब तोडला की त्यातून चीक गळतो. गळतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कपड्यावर पडला तरी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग असतो. धुतला की तो आणखी गडद होतो आणि मग कापड फाटेपर्यंत जात नाही. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक घरात वाडीचे कपडे वेगळे. ते वाळत घालायची दोरी मागच्या अंगणात, आणि पाहुणे आले की ते दिसू नयेत याची काळजी घरातल्या बाईने घ्यायची.

आमच्या घरात वाडीचे कपडे दोघींचेच होते, माझ्या बायकोचे आणि आक्काचे, म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीचे. आक्का लग्न होऊन उमेळ्याला गेली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पुढे सासरची वाडी बिल्डरकडे गेली आणि ती आमच्याकडे आली ती कायमची. मी मुंबईला कचेरीत होतो. सकाळी पांढरा शर्ट घालून निघायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर वर्तमानपत्र वाचायचो. वाडी या दोघींनी सांभाळली. माझ्या शर्टांना चीक लागू नये म्हणून बायको ते वेगळ्या बादलीत भिजवायची. या व्यवस्थेत मला कधी काही वावगं वाटलं नाही.

मुलगी चित्रकला शिकली. पुढे कपडे निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागली. तिथे कापडाचे ढीगच्या ढीग कचऱ्यात जाताना बघून तिचं मन उडालं, असं ती सांगते. नोकरी सोडून ती घरी आली आणि जुन्या सुती साड्या, हातमागाचे उरलेसुरले तुकडे जमवून झगे, जाकिटं, पिशव्या, गळ्यातल्या माळा असं काहीबाही करू लागली. फणसाच्या लाकडाच्या भुशाचा पिवळा रंग, गंजलेल्या खिळ्यांचा काळा. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या म्हातारीने आपलं ठेवणीतलं लाल लुगडं तिला आणून दिलं. त्याचं तिने एक जाकीट केलं, त्याच्या पाठीवर म्हातारीच्या घराची चौकट आणि पायऱ्या टाक्यांनी काढल्या. म्हातारी ते घालून रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेली. तिच्या सुनेला आवडलं नाही म्हणे, पण म्हातारीने कोणाचं ऐकलं नाही.

चिकाची कल्पना आक्कामुळे सुचली. एकदा मुलगी तिच्याबरोबर वाडीत गेली आणि अंगातला नवा कुडता डागाळून आली. आक्का तिला रागवत होती आणि ही कुडता उजेडात धरून बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने आक्काला खांबाला चीर पाडून करवंटीत चीक धरायला लावला आणि बांबूच्या काडीने कापडावर त्याची चित्रं काढायला सुरुवात केली. काढताना काही दिसायचं नाही. अंदाजाने काढायचं आणि उद्या बघायचं. आक्का हसून हसून बेजार.

“आम्ही डाग पडू नये म्हणून जन्मभर जपलो,” ती माझ्या बायकोला म्हणाली, “आणि ही बघ, बस्तान मांडून डाग पाडायला बसली.”

पण कोणती केळ जास्त काळी उमटते, कोवळ्या खांबाचा चीक कसा फिकट राहतो, सकाळचा आणि दुपारचा कसा वेगळा पडतो, हे सगळं आक्कालाच ठाऊक होतं. दोघी तासन्‌तास मागच्या पडवीत असायच्या. मुलीचं लग्न होऊन ती एव्हरशाईन सिटी या इमारतींच्या वसाहतीत राहायला गेली, बाहेरच्या खोलीत तिने आपलं काम मांडलं. तरी चिकासाठी आणि आक्कासाठी ती दर आठवड्याला यायची. आईपेक्षा आत्याकडेच तिचा ओढा जास्त होता, हे मी बाप म्हणून सांगू शकतो.

बायकोचं दुखणं निघालं त्या वर्षी मुलीने आईकडे तिची वाडीची पातळं मागितली. आई खाटेवर बसलेली होती. ती म्हणाली, “घे की बाई. पोतेऱ्यालासुद्धा कोणी घ्यायचं नाही ती.”

मुलीने ती पेटीतून काढून खाटेवर पसरली. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, डागांनी भरलेली. त्यांचा तिला एक लांब कोट करायचा होता. काही रंगवायचं नाही, काही काढायचं नाही. जे डाग जिथे पडले तिथेच, अंगावर त्याच जागी येतील असं बेतायचं. तिने आईचं माप घेतलं, कागद कापून तिच्या पाठीला लावून बघितला. मग एक पातळ उचलून मला दाखवत म्हणाली, “बाबा, हे बघा. घड नेहमी डाव्या खांद्यावर घ्यायची आई. डावीकडचा पदर सगळा काळा आहे. आणि हे इथे कमरेला, हे कोयत्याचे हात पुसलेले.” मग हसत म्हणाली, “तुमच्या एका तरी शर्टावर एवढासा डाग सापडेल का?”

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. आईसुद्धा हसली. मी पण हसलो. पातळं परत पेटीत गेली, कारण आईच्या आजारात मुलीला शिवायला उसंत नव्हती. पण त्या दिवसापासून त्या कोटाची मला धास्ती वाटू लागली. तो कुठल्या तरी सभागृहात टांगला जाईल, लोक जवळ जाऊन बघतील, मुलगी त्यांना डावा खांदा दाखवील. आणि ओळखीचा कोणीतरी विचारील, मग वडील काय करायचे?

बायको गेली. दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी पेटीतून ती पातळं काढली, वाडीच्या टोकाला बावखलाजवळ नेली. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं छोटं तळं. तिथे केळीच्या सुक्या पानांचा ढीग होता. त्यावर ती ठेवली आणि काडी लावली. मेलेल्या माणसाचे कपडे कापून शिवू नयेत, ते अशुभ असतं, असं मी मनाशी म्हणत होतो. मी आयुष्यात शुभ-अशुभ फारसं मानलेलं नाही, हे तेव्हाही मला ठाऊक होतं. सुती कापड जळतं त्याचा वास वेगळा असतो. त्या वासानेच आक्का आली असावी. ती थोड्या अंतरावर थांबली. जळणाऱ्या ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मागे फिरली.

दहाव्याचं सगळं आटोपल्यावर मुलीने पेटी उघडली. आक्का स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, मी दाराशी खुर्चीवर होतो. मुलगी आत येऊन म्हणाली, “आईची वाडीची पातळं कुठे आहेत?”

मी म्हणालो, “आक्काने आवरलंय सगळं. जुनेरं ती. देऊनबिऊन टाकली असतील.”

हे वाक्य मी आधी ठरवून ठेवलं नव्हतं. ते आलं. पण आल्यावर परत घेतलं नाही.

मुलगी आक्काकडे वळली. “आत्या, तुला माहीत होतं ना गं?”

आक्काचे हात सुपात थांबले. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. मग ती पुन्हा सुपाकडे बघत म्हणाली, “हो गं. सुतकात भान राहिलं नाही.”

मुलगी चपला घालून निघून गेली.

त्या संध्याकाळी ओट्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसली. आमच्या घरच्या बोलीत ती जे बोलली ते मला लिहिता येत नाही, त्या बोलीत लिहायची सवय नाही. तिचं म्हणणं असं होतं की आत्याशी भांडण झालं तर पोरगी चार दिवस रुसेल. बापाशी झालं तर तिला माहेर उरणार नाही. आई तर गेलीच आहे. “तू हे परत काढू नकोस,” ती म्हणाली. मी काढलं नाही. मला तेच हवं होतं.

पण झालं उलटंच. माहेर राहावं म्हणून आक्काने ते अंगावर घेतलं, आणि त्या घरात आक्का आहे म्हणून मुलगी माहेरी यायची थांबली. चार दिवसांचा रुसवा नव्हता तो. आक्काने दोनदा फोन केला, मुलीने उचलला नाही. मग आक्कानेही नाद सोडला.

मीच बस धरून तिच्याकडे जाऊ लागलो. तिथे माझं फार आगतस्वागत व्हायचं. आई गेली आणि तिची शेवटची आठवणही गेली, बाबा बिचारे, अशा नजरेने ती माझ्याकडे बघायची. मला आवडतात म्हणून सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, आणून ठेवायची. मी गेलो की यंत्र थांबवायची आणि माझ्याजवळ बसायची. आयुष्यभर मुलगी माझ्याशी एवढं बोलली नव्हती. ते मी घेत राहिलो. आज लिहिताना याचीच जास्त लाज वाटते. पातळं जाळली ती एका दुपारची गोष्ट. हे वर्षानुवर्षं चाललं.

एक दिवस आक्काने चिकाची बाटली भरून माझ्या पिशवीत ठेवली. म्हणाली, तिला लागत असेल. मुलीने बाटली उजेडात धरली आणि विचारलं, “कोणी काढला हा?” मी म्हणालो, गड्याने. तिने तो घेतला. नंतर मी प्रत्येक खेपेला बाटली नेऊ लागलो. परत आलो की आक्का विचारायची, “वापरला का?” मी हो म्हणायचो. “कशावर?” मग मी सांगायचो, ओढण्यांवर, एका झग्यावर, त्यावर तिने पाणकोंबड्या काढल्यात. आक्का मान हलवायची आणि म्हणायची, पाणकोंबड्यांना कोवळा चीक बरा, पुढच्या वेळी कोवळा देते. त्या ओढण्या पुष्कळ लोकांनी घेतल्या. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांना माहीत असावं की त्यांवरचा चीक माझ्या बहिणीने काढलेला आहे, कोणा गड्याने नाही.

कोटाचा कागद मुलीने जपून ठेवला होता. त्या मापाने तिने कोरा कोट शिवला. आईचा खांदा जिथे यायला हवा तिथे, कमर जिथे हवी तिथे. पण सगळं रिकामं. एका चर्चच्या शाळेच्या सभागृहात तिचं प्रदर्शन भरलं, गावाजवळच. आक्का म्हणाली, मला बघायचंय. मी टाळायचा प्रयत्न केला. पाटीवर काय लिहिलं आहे ते मला माहीत होतं. पण तिने इस्त्रीचं पातळ नेसून तयारी केली होती.

आम्ही गेलो तेव्हा मुलगी तिथे नव्हती, जेवायला गेली होती. आक्का प्रत्येक कपड्यापाशी थांबत होती. चिकाची चित्रं दिसली की बोट लावायला पुढे व्हायची आणि आखडतं घ्यायची. मग कोटापाशी आली. चवथीपर्यंत शिकलेली बाई, हळूहळू, ओठ हलवत पाटी वाचू लागली. मी तिच्या शेजारी होतो. शेवटच्या ओळीला तिचे ओठ थांबले. तिने पुन्हा सुरुवातीपासून वाचली. तेवढ्यात मागून दोन बायका आल्या. एक जण पाटी वाचून दुसरीला म्हणाली, “अशी कशी गं आत्या.” आक्का बाजूला सरकली, त्यांना नीट दिसावं म्हणून.

रिक्षात ती आगाशी जवळ आल्यावर म्हणाली, “शिवलंय मात्र छान. खांदा अगदी तिचाच.”

मी म्हणालो, “आक्का, मी सांगतो तिला.”

“आता नको. आता लिहून बसलीय ती. लोकांत तिची मान खाली जाईल.”

ती नको म्हणाली म्हणून मी सांगितलं नाही, असं मी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे तिच्या त्या ‘नको’ने मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

गेल्या वर्षी आक्का गेली. चार दिवस ताप, मग दवाखाना, मग संपलं. मुलगी आली. रीत म्हणून सगळं केलं, पण डोळ्याला पाणी नव्हतं. बाराव्याला तिने स्वतःच आक्काची पेटी उघडली. वर चांगली पातळं होती, खाली वाडीची. तीही तशीच होती, तशीच मऊ, तशीच डागाळलेली. घड आक्काही डाव्याच खांद्यावर घ्यायची. मुलीने त्यांची घडीसुद्धा उलगडली नाही. सगळं एका चादरीत गोळा करून गाठ मारली. गाठ मारता मारता म्हणाली, “टाकायची ती वेळेवर टाकलेली बरी.”

कोणाला उद्देशून म्हणाली ते सगळ्यांना कळलं. नात्यातल्या बायकांनी माना खाली घातल्या. मागच्या दारी जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई आली होती, तिला मुलीने गाठोडं दिलं. भांडंही घेतलं नाही. मी दारात उभा होतो. त्या वेळी एक शब्द बोललो असतो तर ते गाठोडं थांबलं असतं. मी चौकट धरून उभा राहिलो आणि ती बाई गाठोडं डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर गेली.

 मग एका सकाळी एव्हरशाईन सिटीला गेलो. मुलगी एका पिशवीला बंद लावत होती. मी बसायच्या आधीच म्हणालो, “आईची पातळं आक्काने टाकली नाहीत. जाळली.”

“कोणी?”

“मी.”

तिने सुई कापडात खोवून ठेवली. “का?”

मी मेलेल्या माणसाच्या कपड्यांचं सांगू लागलो. तिने मधेच तोडलं. “ते नाही, बाबा. का जाळलीत?”

“त्या पातळांवर तुझी आई होती, आक्का होती,” मी म्हणालो. “मी कुठेच नव्हतो. ते लोकांनी बघावं असं मला वाटलं नाही.”

तिने पिशवी बाजूला ठेवली. मग विचारलं, “आत्याला माहीत होतं?”

“तिने जळताना बघितलं होतं.”

आणि मग बाटल्यांचंही सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर काही मागे ठेवलं नाही. ती ऐकत होती. भिंतीवर तिच्या ओढण्या टांगलेल्या होत्या, तिकडे तिने बघितलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “गाठोडं मी बांधलं, बाबा. माझ्या हातांनी. तुम्ही दारातच होतात.”

ती त्या भांडीवालीला शोधायला गेली. ती बाई विरारला रेल्वे फाटकाजवळ बसते असं कळलं, तिथे गेली. बाई भेटली, पण गाठोडं केव्हाच पुढे गेलं होतं. चांगली पातळं कोणीतरी नेसायला नेली असतील. डागाळलेली कारखान्यांत पुसायला जातात, यंत्रांचं तेल पुसायला. मुलगी त्यानंतरही पुन्हा पुन्हा तिथे जाऊन आली, हे जावयाने मला सांगितलं, तिने नाही.

मध्यंतरी तिचा फोन आला. नवी पाटी करायची आहे, मजकूर तुम्ही लिहून आणा. मी बरेच कागद फाडले. शेवटी चांगल्या अक्षरात लिहून नेलं, ‘हा कोट माझ्या मुलीच्या आईच्या वाडीत नेसायच्या पातळांचा होणार होता. दुःखाच्या भरात मी ती जाळली आणि दोष माझ्या बहिणीवर घातला. तिने तो मरेपर्यंत निमूट सोसला.’

मुलीने उभ्यानेच वाचलं. मग टेबलावरची पेन्सिल घेतली आणि ‘दुःखाच्या भरात’ यावर रेघ मारली. कागद माझ्यापुढे सरकवला. मी तिथेच दुसऱ्या पुठ्ठ्यावर ते शब्द सोडून सगळं पुन्हा लिहिलं. अक्षर पहिल्यासारखं आलं नाही. ती म्हणाली, “राहू दे तसंच.”

मी जायला निघालो तेव्हा ती आतल्या खोलीत गेली होती. थोडा वेळ थांबलो. ती बाहेर आली नाही. जावई चपला घालून माझ्याबरोबर खाली उतरले आणि मला रिक्षात बसवून दिलं.